झिपरूला बसणे

माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव प्रशील झिपरू बैसाणे. हे मला लग्न ठरल्यानंतर कळलं, आणि तेही त्याच्याकडून नाही. पत्रिकेवर ‘प्रशील झेड. बैसाणे’ असं छापलेलं होतं. माझ्या वडिलांनी विचारलं, हे झेड म्हणजे काय? त्याने शांतपणे सांगितलं, झेड म्हणजे माझ्या वडिलांचं नाव.  मुलगा इंजिनियर, जळगावात ठिबकच्या नळ्यांचा स्वतःचा धंदा, निर्व्यसनी. असा जावई मिळत असेल तर धुळ्याची माणसं एका अक्षरासाठी अडून बसत नाहीत.

लग्नाच्या दिवशी माझे सासरे, म्हणजे आबा, पत्रिका हातात धरून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, “झेड कोन शे?” वडिलांनी सांगितलं, तुम्हीच. आबांनी पत्रिकेची घडी घालून खिशात ठेवली आणि जेवायला गेले. त्यानंतर चौदा वर्षं त्यांनी हा विषय काढला नाही. माझे सासरे विषय न काढण्यात फार तरबेज आहेत. ज्यांचा राग बोलून जातो ती माणसं परवडली.

आता झिपरू हे नाव कुठून आलं ते सांगायला हवं, कारण बाहेरच्या लोकांना ते शिवीसारखं वाटतं. आमच्याकडे जुन्या काळी घरात लागोपाठ मुलं दगावली की पुढच्या मुलाला मुद्दाम टाकाऊ नाव ठेवत. कोणी भीक मागून आणल्यासारखा भिकन, कोणी उकिरड्यावरचा उखर्डू. नाव ऐकून मरणालाच वाटावं की हे काही न्यायच्या लायकीचं नाही. आबांच्या आधी त्यांच्या आईची, ताईबाईंची, चार मुलं गेली होती. पाचव्याच्या डोक्याला त्यांनी पाच वर्षं कात्री लावली नाही, केसांच्या झिपऱ्या होऊ दिल्या आणि नाव ठेवलं झिपरू. मूल जगलं. पुढे धम्मदीक्षेनंतर घराघरांतून नावं बदलली, तेव्हा कोणीतरी याचंही बदला म्हणालं. ताईबाईंनी साफ नकार दिला. धर्म बदला, देव बदला, पोराला हात लावू नका.

आबा शिरपूरकडच्या एका सूतगिरणीत पाळीवर होते. आमचं गाव तिथून सातपुड्याच्या बाजूला, आणि घर गावाच्या कडेला आरोग्य उपकेंद्राला लागून. भारनियमनाच्या दिवसांत अख्खं गाव अंधारात असायचं, पण उपकेंद्रात लशींचा फ्रिज होता म्हणून त्या खांबाला वेगळी लाईन होती. आबांचं मीटर त्याच खांबावरून. यात आबांचं काही कर्तृत्व नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. उजेड दिसला तशी अभ्यासाची पोरं ओट्यावर येऊन बसायला लागली. आबा दुसऱ्या पाळीवरून आले की आधी शिव्या द्यायचे, ही काय धर्मशाळा आहे का म्हणून. एकदा ते एका पोरावर अडखळून पडले, गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठा बल्ब आणून लावला. पोरांसाठी नाही, गुडघ्यासाठी.

पण बल्ब लागला तो लागलाच. सासूबाई, म्हणजे लिलाबाई, पोरांना कोरा चहा द्यायच्या. डुलकी घेणाऱ्याला आबा घरी हाकलायचे. पोरं पोलिसात लागली, तलाठी झाली, एक युवराज नावाचा मुलगा नायब तहसीलदार झाला. पुढे भारनियमन गेलं, सगळ्यांच्या घरी दिवे आले, तरी पोरं ओटा सोडायला तयार नव्हती, आणि गावात एक बोलायची रीतच पडून गेली. मुलगा काय करतो असं विचारलं की आया सांगायच्या, “पोऱ्या झिपरूले बसेल शे.” म्हणजे स्पर्धा परीक्षा देतो आहे. शेजारच्या गावातला मुलगा धुळ्याला खोली करून अभ्यास करत असला तरी त्याची आई म्हणायची, धुळ्याला झिपरूला बसला आहे. तिने आमचा ओटा कधी पाहिलेला नसायचा.

हे सगळं प्रशीलला माहीत होतं, आणि त्याला वडिलांचा अभिमानही होता. फक्त तो अभिमान नाव न घेता बाळगायचा होता. मागच्या वर्षी त्याने, युवराजने आणि ओट्यावरच्या जुन्या पोरांनी मिळून गावात अभ्यासिका बांधायला घेतली. आबांनी घराशेजारची मोकळी जागा दिली. भिंती वर आल्या, पत्रे चढले, टेबलं आली. आबा रोज सकाळी जाऊन गवंड्याला चुका दाखवायचे, त्यातल्या अर्ध्या नसलेल्या. मग एक दिवस त्यांनी मला फोन केला. प्रशीलला नाही, मला. विचारलं, “सूनबाई, पाटीवर नाव कोनं लागनार शे?”

मी म्हटलं, अजून ठरलं नाही आबा. ते म्हणाले, “माले वाटस मनं लागाले पाह्यजे.” इतकं सरळ त्यांनी आयुष्यात काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. साडी घ्या म्हटलं तर सासूबाई चार आढेवेढे घेतात. आबा तर नवीन चप्पललाही नको म्हणतात. त्या माणसाला पाटी हवी होती. मला फोन हातात धरून गलबलून आलं, आणि लगेच नवऱ्याचा रागही आला, कारण नाव ठरलं आहे हे मला माहीत होतं.

नाव ठरलं होतं ‘फॅरोस’. जळगावातल्या एका हॉलमध्ये गालाला माईक चिकटवलेले एक प्रेरणादायी वक्ते आले होते. त्यांनी सांगितलं होतं की दीपगृहासाठीचा हा जगातला प्राचीन शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘ज्ञानाचा अखंड प्रकाश’ असा आहे. प्रशील भारावून घरी आला. त्याने पुण्याच्या कोणाकडून तरी चिन्हही करून घेतलं: उंच मनोरा, वर किरणं, खाली निळ्या लाटा. आमच्या तालुक्यात समुद्र पाहिलेली माणसं मोजकीच. पण लाटा छान होत्या. मी कॉलेजात इतिहास शिकवते, म्हणून पाटी रंगवण्याआधी शब्दाची खात्री करून दे, असं त्याने मला सांगितलं. ते त्याने सांगायला नको होतं.

पुढच्या रविवारी आम्ही चोपड्यावरून गावी गेलो. दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा. जेवताना प्रशीलने फोनवरचं चिन्ह आबांना दाखवलं. आबांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, “हाई पानी कोठलं शे?” प्रशीलने समुद्र, जहाजं, दीपगृह सगळं समजावलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, दीपमाला सांगेल शब्दाचा अर्थ, तिने शोधलाय.

मी शोधला होता, आणि खोटं सांगायचं मला पटत नव्हतं. म्हटलं, या शब्दाचा उजेडाशी काही संबंध नाही. फॅरोस हे एका बेटाचं नाव. इजिप्तच्या किनाऱ्याला अलेक्झांड्रिया शहरासमोर एक लहानसं बेट होतं, त्याला लोक फॅरोस म्हणत. का म्हणत ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. कोणी म्हणतं तिथल्या राजाच्या बिरुदावरून, कोणी आणखी काही म्हणतं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी त्या बेटावर मोठा मनोरा बांधला आणि वर जाळ ठेवला. खलाशी लांबून जाळ पाहून म्हणायचे, फॅरोस दिसला. मग दुसऱ्या बंदरांत असे मनोरे झाले तर त्यांनाही फॅरोसच म्हणायला लागले. बेट कधी न पाहिलेले लोकसुद्धा. फ्रान्समध्ये दीपगृहाला आजही ‘फार’ म्हणतात, इटलीत आणि स्पेनमध्ये ‘फारो’. मनोरा भूकंपांत पडून गेला, तरी शब्द चालूच आहे.

प्रशीलचा चेहरा उतरला. म्हणाला, म्हणजे अर्थ काहीच नाही? मी म्हटलं, होता तो एवढाच, की अमुक एक जागा. पुढे तिथे इतकी वर्षं दिवा जळला की लोकांना तोच अर्थ वाटायला लागला.

आबा भाकरीचा तुकडा हातात घेऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, “उजेड लागाना पह्यले त्या नावले कोनी इचारे का?”

मी म्हटलं, नाही आबा. कोण विचारणार? एक साधं बेट.

“मंग त्या बेटले एखादा पोऱ्या व्हता का?” आबा प्रशीलकडे न बघता म्हणाले. “तो आपलं नाव कसं लिखे? एफ लिखे का?”

चौदा वर्षांनी विषय निघाला होता. सासूबाईंनी भाकरी थापायची थांबवली. प्रशीलने पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला नाही, परत ठेवला आणि उठून बाहेर ओट्यावर गेला. आबांनी राहिलेली भाकरी संपवली. ठेचा तिखट झाला आहे एवढंच ते म्हणाले.

मी ओट्यावर गेले. प्रशीलच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं की पुण्याच्या हॉस्टेलवर चार वर्षं त्याला कोणी प्रशील म्हणत नव्हतं, झिपऱ्या म्हणत होते. हजेरीला नाव पुकारलं की मागचा बाक हसायचा. पहिल्या नोकरीत त्याने झेड लिहायला सुरुवात केली, आणि कोणी हसलं नाही, म्हणून मग झेडच राहिला. मला त्याची खूप दया आली. हेही सांगते की राग गेला नव्हता. मी म्हटलं, तुला चार वर्षं झिपऱ्या म्हणाले, त्यांना चौऱ्याहत्तर वर्षं म्हणतात. आणि आता त्या नावाला कोण हसतं, मला एक माणूस दाखव. अख्खा तालुका ते नाव घेऊन अभ्यासाला बसतो. लाजणारा तू एकटा उरला आहेस.

मी जरा कडक बोलते. घरात सगळ्यांना सवय आहे.

त्याने हाताने डोळे पुसले. मग फोन काढून त्याने भिकन पेंटरला लावला आणि म्हणाला, फॅरोस रद्द. पाटीवर लिहा, झिपरू पुना बैसाणे अभ्यासिका. पूर्ण नाव. अक्षरं मोठी. हे तो इतक्या मोठ्याने बोलला की आत ऐकू जावं.  थोड्या वेळाने सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “त्या नावनी त्यास्ले जगाडं शे, भाऊ.” आणि कप ठेवून आत गेल्या.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पाटी रंगवायची राहिली होती.

भिकन पेंटर पलीकडच्या गावचा. पंचक्रोशीतली प्रत्येक पाटी त्याच्या हातची: पाण्याच्या टाक्या, बसथांबे, विहारांच्या कमानी, स्मशानातली शेड. हात सुंदर. त्याचं अक्षर पाहून मला माझ्या विद्यार्थ्यांचं वाईट वाटतं. रंगवून झाल्यावर त्याने पाटीवर पडदा बांधला आणि निघून गेला, कारण उद्घाटनाआधी पाटी उघडी ठेवत नाहीत. आम्ही जळगावहून कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पोचलो. वरण-बट्टीचा वास येत होता. आबा नव्या पांढऱ्या शर्टात पहिल्या रांगेत, हार घालून, अगदी वरासारखे ताठ बसले होते.

मेणबत्त्या लावल्या, प्रतिमांना हार घातले, त्रिशरण पंचशील झालं. युवराज नायब तहसीलदार म्हणून प्रमुख पाहुणा. त्याने दोरी ओढली. पडदा पडला. पांढऱ्या पाटीवर निळ्या, हातभर उंच, डौलदार अक्षरांत लिहिलं होतं:

कालकथित झिपरू पुना बैसाणे अभ्यासिका.

टाळ्यांना सुरुवात झाली होती, ती मधेच विरली. सूत्रसंचालन करायला शाळेतले एक नवीन सर होते. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. आबांना ते ओळखत नव्हते. पाटी त्यांना स्पष्ट वाचता येत होती. त्यांनी पाटीवर विश्वास ठेवला आणि माईकवर जाहीर केलं की सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहावी.

लोक उभे राहिले. आपल्याकडे एकदा स्तब्ध म्हटलं की माणूस विचारत नाही कोणासाठी. युवराज उभा राहिला, माझा चुलत जाऊबाईंशी चाललेला कुजबुजीतला संवाद थांबला, मीही उभी राहिले. आबासुद्धा उठले. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि मान खाली घातली. सासूबाई तेवढ्या खुर्चीत बसून राहिल्या. प्रशीलने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. आयुष्यात एकदाच त्याने बापाचं पूर्ण नाव लिहायला सांगितलं होतं, आणि ते असं निघालं.

आदरांजली संपली. भिकनला शोधून आणलं, तो मागे बट्टी खात होता. प्रशील त्याच्यावर ओरडला. भिकनला काय चुकलं तेच कळेना. त्याचं म्हणणं, तीस वर्षं पाट्या लिहितोय, माणसाचं नाव भिंतीवर चढतं ते गेल्यावरच. इतर समाजाचं असेल तर कै. लिहितो, आपल्या समाजाचं असेल तर कालकथित. हे काही कोणी सांगावं लागत नाही, त्याने आपणहून लिहिलं, त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत. “जित्ता मानूसनं नाव कोन लिखस, भाऊ?” त्याने विचारलं.

आबा म्हणाले, “तो बरोबर म्हनस.” मग पाटीकडे मान वर करून बघत म्हणाले, “ऱ्हाऊ दे. चार-सहा सालमा खरं व्हईच जाई.”

पाचसहा जण हसले. प्रशील नाही हसला. तो म्हणाला, “नाही आबा.” त्याने मांडववाल्याची शिडी ओढत आणली.

निळा रंग पक्का सुकला होता, पुसून जाण्यासारखा नव्हता. भिकनने वरून पांढरा मारला. तो सुकेपर्यंत जेवणं झाली, युवराजचं भाषण झालं, बरेच पाहुणे गेले. पाटीवर आता नावाच्या आधी मोठी मोकळी जागा होती, पडलेल्या दातासारखी. भिकन म्हणाला, ‘श्री’ लिहितो. पण ‘श्री’ एवढासा, जागा तर पाच अक्षरांची. ते आणखी वाईट दिसलं असतं. कोणी म्हणालं ‘आदरणीय’, कोणी म्हणालं ‘समाजभूषण’. आबा म्हणाले, समाजभूषण लिहिलंत तर मी पाटी फोडीन.

प्रशीलने भिकनच्या हातातून कुंचला घेतला. तो शिडीवर चढला आणि लिहायला लागला. अक्षर त्याचं पहिल्यापासून वाईट, आणि एका हाताने शिडी धरलेली. पहिलं अक्षर तिरकं गेलं. खालून आम्ही सगळे वर बघत होतो. त्याने लिहिलं: माझे वडील.

‘माझे वडील झिपरू पुना बैसाणे अभ्यासिका.’ व्याकरणात हे बसत नाही. मी मुलांच्या उत्तरपत्रिकांत याच्या निम्म्या चुकीला लाल रेघ मारते. इथे मारली नाही.  सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

आबांना लांबचं वाचायला वेळ लागतो. त्यांनी एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत सगळी ओळ वाचली. परत पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, “आते आठे बसेल बठ्ठा पोरे रोज वाचतीन, माझे वडील. इतला पोरेस्ना बाप मी कधळ व्हयनू?”

 प्रशील शिडीवरून उतरला तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाहीला निळा रंग लागला होता. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याचा हात धरला आणि तो डाग पुसायला लागले. डाग आणखीच पसरला. तरी ते पुसत राहिले, आणि प्रशीलने हात काढून घेतला नाही.